सोळावं घर

१

चौकटराव हे नाव त्यांना ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी संगणकाच्या पडद्यावर चौकटी आखल्या. कुठलं बटण कुठे असावं, कुठलं चित्र किती मोठं दिसावं, अक्षरांनी डावीकडे चिकटावं की मधोमध उभं राहावं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हा माणूस घरी मोजेसुद्धा ओळीत लावत असेल, अशी लोक त्यांची थट्टा करायचे. ते मोजे खरोखरच ओळीत लावायचे, त्यामुळे त्यांना त्या थट्टेत काही विशेष वाटायचं नाही.

निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत त्यांच्या बायकोची स्मृती हळूहळू सुटायला लागली. ती शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून तिला सगळा परिसर बाई म्हणायचा आणि चौकटरावही चारचौघांत तेच म्हणायचे. बाईंना जगातल्या नद्या अजून पाठ होत्या, पण सकाळचा चहा झाला की नाही ते आठवत नव्हतं. सख्ख्या बहिणीला त्या एकदा "तुम्ही कुठून आलात?" असं विचारून बसल्या आणि बहीण गाडीत बसून रडली.

डॉक्टरांनी एक उपाय सुचवला. ओळखीच्या माणसांचे फोटो रोज दाखवा आणि नावं विचारा. "फक्त रोज त्याच क्रमाने नका दाखवू," ते म्हणाले. "क्रम पाठ होईल, माणसं विसरतील."

हे काम जणू चौकटरावांसाठीच होतं. तीन दिवस मान मोडून बसून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चार ओळी, प्रत्येकीत चार घरं, एकूण सोळा. सोळा माणसांचे सोळा फोटो. खाली एक मोठं बटण, त्यावर लिहिलेलं 'मिसळा'. बटण दाबलं की सगळे फोटो पापणी लवायच्या आत नाहीसे व्हायचे आणि पुन्हा कुठल्याही घरात कसेही जाऊन बसायचे. दुपारी चारला चहा झाला की दोघं बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलापाशी बसत. बाई हातांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, हातात शिसपेन्सिल. नकाशावर छडी ठेवावी तशी त्या पेन्सिल फोटोवर ठेवून नाव सांगायच्या. चुकल्या तर चौकटराव सांगायचे, आणि बरोबर आलं तर शाळेतल्यासारखं "शाब्बास" म्हणायचे. बाईंना ते आवडायचं.

२

त्या सोळा फोटोंत धाकटीचा एक फोटो होता. तीच चौकटरावांची घोडचूक.

त्यांना दोन मुलं. थोरला परदेशात, दर रविवारी न चुकता फोन करणारा. आणि धाकटी. ती चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली, तेव्हा एकतीस वर्षांची होती. फोटो आजारपणाच्या आधीचा, गच्चीवरचा, वाऱ्याने केस तोंडावर आलेले आणि ती हसत ते बाजूला करतेय असा. तो फोटो घ्यायचा की नाही, असा विचार चौकटरावांच्या मनात आलाच नाही. घरातली माणसं मोजताना ती मोजली गेली, बस.

पहिल्याच दिवशी बाईंनी पेन्सिल तिच्यावर ठेवली. "ही आपली धाकटी. कुठे आहे हो ती? फोन नाही आला तिचा."

खोटं बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चौकटरावांनी सांगितलं. बाईंनी ते असं ऐकलं, जसं कोणी पहिल्यांदाच ऐकेल, कारण त्या ते पहिल्यांदाच ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा पेन्सिल, पुन्हा तोच प्रश्न. असे अकरा दिवस गेले. अकरा वेळा त्यांची मुलगी गेली, आणि अकराही वेळा ते सांगणारा माणूस एकच होता.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी तो फोटो काढून दुसरीकडे ठेवला. फोटो पंधरा उरले आणि घरं सोळा. एक घर आता नेहमी रिकामं राहणार होतं, राखाडी. तीन ओळी पाच घरं असं करता आलं असतं, दहा मिनिटांचं काम. बत्तीस वर्षांत एक रिकामी चौकट सहन न केलेल्या माणसाने ते केलं नाही. पुढे करू म्हणाले आणि राहिलं.

बाईंनी धाकटीबद्दल विचारणं थांबवलं. चौकटरावांना सुटल्यासारखं झालं आणि त्याची लाजही वाटली. कारण त्या बाबतीत त्यांची बाजू आधीपासून लंगडी होती. धाकटी गेली त्या दुपारी बाई तिच्या उशाशी होत्या आणि हे ऑफिसात होते. कुठल्याशा ग्राहकाच्या पडद्यावर एक चौकट कोरी पडत होती आणि ती ह्यांच्याशिवाय कोणाला सुधारेना. दवाखान्यातून पहिला निरोप आला तेव्हा "अर्ध्या तासात निघतो" म्हणाले. पोचले तेव्हा सगळं होऊन तास उलटला होता. त्या शेवटच्या वेळात काय झालं, ती काही बोलली का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बाईंनीही कधी सांगितलं नाही. आणि आता विचारायचं तरी कोणाला, अशी वेळ आली होती.

३

धाकटीचा फोटो काढून टाकल्यावर साधारण महिन्याभराने ते पहिल्यांदा घडलं.

चौकटराव बटण दाबणार इतक्यात बाईंनी पेन्सिल पुढे केली आणि तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या घरावर टेकवली. तिथे त्या क्षणी बाईंच्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोटो होता.

"ही कोण?" चौकटरावांनी विचारलं.

"तुम्ही दाबा तर खरं."

त्यांनी दाबलं. सगळे फोटो हलले आणि रिकामं घर बरोबर पेन्सिलीच्या टोकाखाली आलं.

योगायोग म्हणून त्यांनी सोडून दिलं असतं. पण पुढच्या वेळी बाईंनी वरचा उजवा कोपरा दाखवला आणि घर तिथे आलं. मग दुसऱ्या ओळीत मधे. मग खाली. सहा वेळा दाबलं, सहाही वेळा बाई बरोबर. बाई मात्र काही जगावेगळं केल्याच्या आविर्भावात नव्हत्या. दाराची बेल वाजायच्या आधी माणसाच्या पावलांवरून कोण आलं ते कळावं, इतक्या सहज त्या दाखवत होत्या.

चौकटरावांना काय आनंद झाला म्हणून सांगू. बायकोच्या डोक्यात काहीतरी परत येतंय, असंच त्यांनी धरलं. रविवारची वाट न बघता त्यांनी थोरल्याला फोन लावला.

थोरलाही त्याच धंद्यातला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "बाबा, सुरुवातीचा आकडा बदलायला विसरलात तुम्ही."

चौकटराव खरंच विसरले होते. संगणकाला मनाला येईल ते करता येत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्यावरून तो पुढचे आकडे काढत जातो. सुरुवात रोज तीच दिली तर पुढचं सगळंही रोज तेच. म्हणजे महिनाभर फोटो रोज त्याच त्या क्रमाने मिसळत होते. नवशिक्या पोरांना ज्या चुकीवरून त्यांनी आयुष्यभर झापलं, तीच चूक त्यांनी स्वतःच्या बायकोसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये केली होती.

"पण मग तिला एवढं पाठ झालं ना रे," ते म्हणाले. "तेही कमी नाही."

"नाहीच कमी," थोरला म्हणाला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चूक दुरुस्त केली. सुरुवातीचा आकडा आता घड्याळातून घेतला जायचा, सेकंदाच्या हजाराव्या भागासकट. कोणाच्या बापाला पाठ झाला नसता.

चार वाजता बाईंनी पेन्सिल चौथ्या ओळीत शेवटच्या घरावर ठेवली. चौकटरावांनी बटण दाबलं. रिकामं घर चौथ्या ओळीत शेवटी आलं.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग मुद्दाम थांबून, बाई दुसरीकडे बघत असताना, अचानक दाबलं. बाईंचा हात त्यांच्या बोटाआधी पोचलेला असायचा.

पुढचे आठ दिवस चौकटरावांनी त्यांना जे येत होतं तेच केलं, म्हणजे तपासणी. चौकटीच्या वहीत सोळा घरं आखली. बाई आंघोळीला गेल्या की एकटे बसून दोनशे वेळा बटण दाबायचे आणि रिकामं घर कुठे आलं त्याच्या रेघा ओढायचे. रेघा सगळीकडे जवळपास सारख्या पडल्या. प्रोग्राम अगदी चोख होता. बाई समोर बसल्या की मात्र चोख प्रोग्राम बाईंचं ऐकायचा.

की बाईच त्याचं ऐकत होत्या? चौकटरावांनी डोकं खाजवून पाहिलं. टेबलाखालच्या संगणकाचा पंखा आवाज बदलतो का, पडदा आधी लुकलुकतो का, आपलाच हात काही सुचवतो का. एके दिवशी त्यांनी टेबलापासून लांब उभं राहून नर्सबाईंना बटण दाबायला लावलं. नर्सबाई दिवसभर बाईंचं सगळं करायला असायच्या, धट्ट्याकट्ट्या, कशाला न घाबरणाऱ्या. त्यांनी सात वेळा दाबलं आणि सातही वेळा ते घर पेन्सिलीखाली आलं.

"काकूंचं नशीब जोरात दिसतंय," नर्सबाई म्हणाल्या आणि औषधाची वेळ झाली म्हणून उठल्या.

त्या गेल्यावर बाईंनी पेन्सिल रिकाम्या घराच्या कडेने हळूच फिरवली. "आज दुसऱ्या ओळीत बसलीय," त्या म्हणाल्या.

"कोण बसलीय?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एखाद्या ढ विद्यार्थ्याने वर्षाअखेरीला राजधानीचं नाव विचारावं, तसं. "कोण म्हणजे काय?" एवढंच म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. तो मघाशीच रिकामा झाला होता, पण त्यांनी एक घोट घेतला.

चौकटरावांनी त्या दिवशी पुढे काही विचारलं नाही. विचारलं तर बाई उत्तर देतील, याची त्यांना भीती वाटली.

५

मग त्यांचं लक्ष फोटोंकडे गेलं.

बाईंच्या बहिणीचा फोटो त्यांनीच काढलेला होता. ती समोर बघत होती, कारण चौकटरावांनी तिला तीनदा "इकडे बघ" म्हणून सांगितलं होतं. आता रिकामं घर तिच्या उजव्या बाजूला होतं आणि तिची नजर किंचित उजवीकडे होती. फार नाही. बोलणाऱ्या माणसाकडे आपण मान न वळवता बघतो तेवढीच.

त्यांनी बटण दाबलं. घर खालच्या ओळीत गेलं. त्याच्या वर आता बाईंचे वडील आले होते, जुना पिवळट फोटो, करारी चेहरा. ते खाली बघत होते.

चौकटराव उठले, आतल्या कपाटातून जुना अल्बम काढला आणि सासऱ्यांचा मूळ फोटो शोधला. त्यात सासरे समोर बघत होते, नेहमीसारखे, जावयाची परीक्षा घेत असल्यासारखे. संगणकावरच्या फोटोला कोणी हात लावल्याची नोंद नव्हती. तारीख तीच, आकार तोच. अल्बम मांडीवर घेऊन ते बराच वेळ कागदावरचा चेहरा आणि पडद्यावरचा चेहरा पडताळत राहिले. पडद्यावरच्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर करारीपणा उरला नव्हता. आजारी नातवंडाच्या अंथरुणाशी उभा राहिलेला म्हातारा दिसावा तसे ते दिसत होते. धाकटीच्या जन्माआधी सहा वर्षं ते वारले होते.

रिकाम्या घराला लागून असलेले चेहरेच असे वळायचे. घर हललं की ते पुन्हा समोर बघायला लागायचे आणि नवे शेजारी वळायचे.

"डोळे तपासून घ्या काका," नर्सबाई म्हणाल्या. त्यांना काही दिसलं नाही, किंवा त्यांनी बघितलं नाही. मग निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "आणि काकू दुपारी त्या पडद्याशी बोलत असतात, तुम्ही पडलेले असता तेव्हा. त्यात काही नाही, या आजारात होतं तसं. फक्त मधेच थांबतात आणि मान डोलावतात ना, ते जरा बघवत नाही."

"काय बोलतात?"

"दुखतंय का, म्हणून विचारतात."

त्या गेल्या. चौकटराव दाराशी उभे राहिले आणि त्यांना रडू आलं. भीतीने आलं की कशाने, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आपण एक फोटो काढून टाकला आणि तिथे जागा झाली, एवढं त्यांना कळलं होतं. ती जागा बुजवली की हे थांबेल, असं मग त्यांच्या मनाने घेतलं. चौकट कोरी पडली तर भरायची, दुसरं काही त्यांना आयुष्यात आलंच नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकटीचा गच्चीवरचा फोटो परत आणून ठेवला. सोळा घरं, सोळा फोटो.

चार वाजता बाई बसल्या. आज बाराव्यांदा सांगावं लागणार, याची तयारी चौकटरावांनी केली होती. शब्दही ठरवले होते. पाण्याचा पेला हाताशी ठेवला होता.

बटण दाबण्याआधी बाईंनी पेन्सिल उचलली आणि ती हवेतच राहिली. डावीकडे गेली, उजवीकडे गेली, कुठे टेकेना. चौकटरावांनी दाबलं. फोटो मिसळले. धाकटी दुसऱ्या ओळीत आली, केस बाजूला करत, हसत.

बाईंनी पेन्सिल तिच्यावर ठेवली.

"ही कोण?" बाई म्हणाल्या.

"अगं, आपली धाकटी."

बाईंनी पुढे वाकून नीट पाहिलं. "छान आहे मुलगी. पण आपली धाकटी अशी नाही दिसत." त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "तिला कुठे एवढे केस आहेत?"

शेवटच्या चार महिन्यांत धाकटीला केस नव्हते. त्या दिवसांतला एकही फोटो घरात नव्हता, कोणी काढलाच नव्हता. बाईंच्या डोक्यातून तर ते आजारपण केव्हाच पुसून गेलं होतं.

"इथे तुम्ही ह्या मुलीला बसवलंत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, काळजीचा होता. "मग ती कुठे बसणार? तिला उभं राहवत नाही हो."

चौकटरावांनी पडद्याकडे पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे बघायचा त्यांना धीर नव्हता. आता एकही घर रिकामं नव्हतं, तरीही नजरा वळल्या होत्या, आणि या वेळी सगळ्यांच्या. मेहुणी, सासरे, डॉक्टर, शाळेतली मैत्रीण, सगळे पडद्यातून बाहेर बघत होते, चौकटरावांच्या उजव्या खांद्यावरून मागे, बाहेरच्या दाराकडे. गच्चीवरची धाकटीही हसायची थांबून तिकडेच बघत होती. शेवटच्या ओळीत चौकटरावांचा स्वतःचा फोटो होता, निवृत्तीच्या समारंभातला, टाय लावलेला. तो चेहराही मागे बघत होता. आपला चेहरा असा एकदाच झाला होता, हे त्यांना ठाऊक होतं. दवाखान्याच्या त्या खोलीचं दार ढकललं, तेव्हा दाराच्या काचेत त्यांनी तो पाहिला होता.

मागे फरशीवर काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. चप्पल न उचलता चालल्यासारखा, दर दोन पावलांनी थांबणारा.

७

"सरका जरा," बाई म्हणाल्या.

चौकटरावांनी खुर्ची सरकवली. दोन खुर्च्यांमध्ये हातभर जागा झाली. ते समोर बघत राहिले, मान वळवली नाही. खिडकीत उन्हं होती, खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याची धार पत्र्यावर वाजत होती. अशा भर उजेडात माणसाला भीती वाटू नये, असं त्यांनी स्वतःला बजावून पाहिलं.

आवाज त्यांच्या शेजारून पुढे आला आणि थांबला.

"बस," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "टेक डोकं. असं."

चौकटरावांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाईंच्या गुडघ्यांवरच्या शालीत एक खळगा पडला होता. वर काहीच नव्हतं, फक्त शाल दबलेली होती आणि तिच्या सुरकुत्या त्या खळग्याकडे ओढल्या गेल्या होत्या. बाई त्याच्या थोडं वर हात फिरवत होत्या, गोल, हलकेच. केस नसलेल्या डोक्यावरून फिरवतात तसा.

"फार वेळ नाही राहणार ती," बाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका स्वच्छ नव्हता. "दमते. त्या दिवशीही अशीच दमली होती. सारखी विचारत होती, बाबा आले का. मी म्हटलं, येतायत, निघालेत. पुन्हा विचारायची. अजून विचारते. मी तरी किती वेळा तेच सांगू?"

चार वर्षं चौकटरावांनी जे विचारायचं टाळलं त्याचं उत्तर बाईंनी दिलं होतं, आणि ते उत्तर अजून संपलेलं नव्हतं. उठून आत जाता आलं असतं. पडदा बंद करता आला असता. बाईंना हे सगळं अर्ध्या तासात आठवणारही नाही, हेही त्यांना माहीत होतं.

त्यांनी मान वळवली. शालीतल्या खळग्याकडे नीट, सरळ पाहिलं. दिसत काहीच नव्हतं, म्हणून कुठे बघून बोलावं ते त्यांना कळेना. शेवटी बाईंच्या हाताखाली बघून ते बोलले.

"आलो गं," ते म्हणाले. "आलोय मी."

बाईंचा हात फिरायचा थांबला. खळगा तसाच राहिला, चौकटरावांना तो वेळ फार मोठा वाटला. मग हळूहळू शालीच्या सुरकुत्या सैल झाल्या आणि ती वर आली. कोणीतरी तिच्यावरून डोकं उचलून त्यांच्याकडे वळवलं होतं.